छोटीचं नाव काय?

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी फोंड्याला राहते, पणजीत नोकरीला आहे. सकाळी पावणेआठची कदंबा बस धरते, घरी यायला सात होतात. मुलगा दुसरीत आहे. गेल्या पावसात सासूबाई न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण अजून कुणी धरल्याशिवाय त्यांना उठता येत नाही. दिवसभराची बाई शोधली, तर ती महिना १२ हजारांच्या खाली येईना. तेव्हा ओळखीच्या एका ठेकेदाराच्या बायकोनं बागलकोटकडची एक मुलगी आणून दिली. १४ वर्षांची आहे म्हणाली. मला ११ची वाटते. वडिलांना द्यायचे म्हणून १५ हजार उचल घेतली. महिन्याचे ३ हजार आम्ही त्या बाईकडेच देतो.

आम्ही तिला छोटी म्हणतो. तिला काही कमी करत नाही. आम्ही खातो तेच ती खाते, गणेशचवथीला अबोली रंगाचा फ्रॉक घेतला, अगदी मुलीसारखी ठेवली आहे. ती भांडी, लादी करते, सासूबाईंना उठवायला-बसवायला हात देते. साबणानं तिच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या आहेत, मी रोज रात्री खोबरेल लावते. पण परवा मुलाच्या शाळेत पालकसभेत एक शिक्षिका बालमजुरीवर बोलल्या आणि त्या दिवसापासून मला झोप नाही. ह्यांचं म्हणणं, ‘परत पाठवली तर उपाशी राहील, नाहीतर लग्न लावून देतील. इथे निदान पोटभर जेवते.’ शेजारीण म्हणते, ‘जगात कोट्यवधी पोरं राबतात, तू एकीला सोडून काय होणार?’ सासूबाई म्हणतात, पूर्वी प्रत्येक घरात अशी पोरं असायचीच, आम्हीही लहानपणी कामं केलीच.

तिला गुपचूप बसमध्ये बसवून गावी पाठवू का? की ठेवून घेऊन घरीच अक्षरं शिकवू? माझं चुकतंय का?

– एक वाचक, फोंडा

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. हो, चुकतंय. तुमच्या घरात चाललंय ती बालमजुरी आहे, आणि त्या मुलीचे मालक तुम्ही आहात. वाचून तुम्हाला लागेल, ते मला कळतं. तरी तुम्ही लिहिलंत, याचं मोल मला आहे.

आणखी दोन गोष्टी घाईनं सांगते. तिला गुपचूप बसमध्ये बसवू नका. का ते पुढे येईलच. आणि आज संध्याकाळपासून सासूबाईंना उचलायचं काम तिच्याकडून पूर्ण बंद करा. ऑपरेशन झालेल्या मोठ्या माणसाला पलंगावरून उठवणं शिकलेल्या नर्सच्यासुद्धा कमरेवर येतं. अकरा वर्षांच्या पाठीचा कणा अजून वाढतो आहे. शिवाय एखाद्या दिवशी दोघी मिळून पडल्या, तर तुमच्या सासूबाईंचं काय होईल तेही मनात आणा.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात बसची वेळ आहे, मोडलेलं हाड आहे, फ्रॉकचा रंगसुद्धा आहे. तिचं नाव नाही. ‘छोटी’ हे तुम्ही ठेवलेलं. मला ते फार टोचलं, आणि टोचण्याचं कारण माझ्या स्वतःच्या घरात आहे.

माझ्या आजोळी, डिचोलीकडच्या एका गावात, अशीच एक होती. मी सात-आठ वर्षांची, ती असेल दहाची. पहाटे न्हाणीतल्या भाणाखाली जाळ घालायची ती, विहिरीवरून कळश्या आणायची ती, गोठ्यातलं शेण काढायची ती. सकाळी पेजेला आम्ही सगळी भावंडं ओळीनं बसायचो. तिलाही पेज मिळायची, आमच्याइतकीच, वर लोणच्याची फोड, पण मागीलदारी. आजीनं तिच्यावर कधी हात उगारल्याचं मला आठवत नाही. आजीही म्हणायची, पोरीसारखी ठेवली आहे. एका मे महिन्यात मी शाळेचं पुस्तक घेऊन गेले होते. तिनं एका चित्राखालच्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, इथे काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. तिनं तेच बोट पुन्हा त्या अक्षरांवरून हळूहळू फिरवलं. राखेनं भांडी घासून बोटाची साल निघालेली होती. कागदावर ओला डाग उमटला आणि मी पुस्तक ओढून घेतलं, माझं पुस्तक घाण झालं म्हणून.

घरातले सगळे तिला चेडू म्हणत. चेडू म्हणजे नुसती मुलगी, कुठलीही. आज मी साठीच्या पुढे आहे. तिचं नाव मी आईला विचारलं, मामांना विचारलं, गावात कुळांच्या जुन्या घरांत विचारलं. कुणाला आठवत नाही.

सासूबाई म्हणतात ते खरंच आहे, पूर्वी अशी पोरं असायचीच. आपल्या गोव्यात त्यांच्यासाठी शब्दही आहे, पोसकें. भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या घरी एखादं अनाथ, गरीब घरचं मूल आणून ठेवायचं. पोसलेलं, म्हणून पोसकें. ते घरचंच म्हणवलं जायचं आणि जन्मभर घरात राबायचं. वाटणीच्या वेळी मात्र ते कुणाच्या ध्यानात येत नसे. ख्रिस्ती घरांत ही चाल जास्त बोलली गेली, पण आम्हा हिंदूंची घरंही काही धुतल्या तांदळाची नव्हती. त्या शब्दात एक खोट आहे आणि ती तुमच्या पत्रातही उतरली आहे, म्हणून जरा हिशेब करू या.

दिवसभराची बाई १२ हजार मागत होती. छोटीचे तुम्ही ३ हजार देता. म्हणजे दर महिन्याला ९ हजारांचं काम ती मुलगी तुमच्या संसारात फुकट घालते आहे. तिचं जेवण, फ्रॉक, साबण, खोबरेल, सगळं त्यातून वजा करा. तरी पारडं तिच्याच बाजूला झुकतं. यजमान म्हणतात, इथे ती पोटभर जेवते. मला वाटतं, त्यांनी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसावं. कोण कुणाला पोसतंय ते त्यांना दिसेल. आणि त्या ३ हजारांतला एक रुपया तरी तिच्या हातात पडला आहे का? तिच्या आईच्या हातात किती पोचला, हे तुम्ही कधी आईला फोन करून विचारलंत का?

‘मुलीसारखी’ या शब्दाचीही परीक्षा अवघड नाही. सकाळी तुमच्या मुलाची शाळेची रिक्षा येते तेव्हा त्याचा डबा कोण भरतं, दप्तर कोण खाली नेऊन देतं, आणि रिक्षा वळली की ती कुठे जाते? तुम्हाला खरीच मुलगी असती, तर सासूबाईंच्या हाडासाठी तिची शाळा तुम्ही सोडवली असती का? नसती. तुम्ही रजा टाकली असती, नणंदेला बोलावलं असतं, कर्ज काढून बाई ठेवली असती. हे सगळे मार्ग या घटकेलाही तसेच उघडे आहेत. परक्याचं मूल स्वस्तात मिळालं, म्हणून ते दिसेनासे झाले.

आता तुमच्या शेजारणीकडे वळते. तिचं बोलणं ऐकायला शहाणपणाचं वाटतं आणि नेमकं तिथेच ती चुकते आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांचा ताजा अंदाज २०२४ सालचा आहे: जगात १३ कोटी ८० लाख मुलं बालमजुरीत आहेत, त्यांतली ५ कोटी ४० लाख जीव धोक्यात घालणाऱ्या कामांत. आकडा भयंकर आहे. २०२५ पर्यंत बालमजुरी संपवू असं सगळ्या जगानं लिहून दिलं होतं, ते साधलं नाही. पण याच संस्थांचा २००० सालचा अंदाज होता २४ कोटी ६० लाखांचा. जवळपास पंचवीस वर्षांत दहा कोटींहून जास्त मुलं त्यातून बाहेर आली आहेत. कुणीतरी कुठेतरी एकेका मुलाला सोडलं, एकेका आईबापाची मजुरी वाढली, एकेका तांड्यावर शाळा झाली आणि तिथे मास्तर खरोखर यायला लागले, तेव्हा हा आकडा खाली आला. आणि तो आपोआप खाली येत नाही. २०१६ ते २०२० या काळात तो उलटा वर चढून १६ कोटींवर गेला होता.

ही मुलं बहुतेक कारखान्यात असतात असा आपला समज. खरं तर दहातली सहा शेतीत आहेत. आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकतो. तिथली मुलं कोयत्यानं कोकोची बोंडं फोडतात, औषध फवारलेल्या बागेत वावरतात. काँगोत हातानं खणलेल्या खाणींच्या कडेला मुलं कोबाल्टचे दगड वेचतात, धुतात. तो कोबाल्ट मोबाइलच्या बॅटरीत जातो. आपल्याकडे झारखंडात कोडरमा, गिरिडीहच्या टेकड्यांत मुलं अभ्रकाचे चकाकते तुकडे गोळा करतात. तो अभ्रक रंगांत आणि बायकांच्या मेकअपच्या सामानात चमकतो. यांतल्या कुठल्याही मुलापर्यंत तुमचा-माझा हात सहज पोचत नाही. मध्ये दलाल आहेत, बंदरं आहेत, कंपन्या आहेत. तुमच्या स्वयंपाकघरात मध्ये कुणीच नाही. मजूरही तिथेच, मालकही तिथेच, आणि मोरीपासून पलंगापर्यंतचं अंतर दहा पावलांचं.

घरकामातल्या मुलींची एक वेगळी अडचणही आहे. हॉटेलात कपबश्या विसळणारा पोरगा गिऱ्हाइकाला दिसतो. कळंगुटच्या वाळूत मण्यांच्या माळा विकणारी मुलगी हजार पर्यटकांना दिसते. छोटी कुणालाच दिसत नाही. कामगार खात्याचा निरीक्षक गॅरेजवर धाड घालतो, फ्लॅटची बेल वाजवत नाही. तिला आणणारी ती बाई सोडली, तर ती आहे हे ज्यांना ठाऊक आहे अशी बाहेरची माणसं दोनच: तुमची शेजारीण, आणि आता मी.

गरिबी आहे तोवर हे चालायचंच, असं माझ्याशी वाद घालणारी पुष्कळ माणसं मला भेटतात. हा वाद फार जुना आहे. हिंदुस्थानातल्या पहिल्या कारखाना कायद्यानं, १८८१ मध्ये, सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. नऊ तास! आणि तेव्हा ती सुधारणा होती. पुढच्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे मागणी केली की प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. १९११ मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, आणि दुसऱ्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. मुलं शाळेत गेली तर शेतांवर राबायला कोण, ही जमीनदारांची धास्ती त्या विरोधामागे होती. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडलं. मुलांनी राबायचंच, हे दर वेळी मुलांच्या मालकांनी सांगितलं आहे. आणि गरिबीचं म्हणाल, तर मूल ३ हजारांत मिळतं म्हणून बाईला १२ हजार मिळत नाहीत. छोटीच्या आईला मोठ्या माणसाची मजुरी मिळू नये, ही सोय आपणच छोटीला ठेवून करतो.

‘आम्हीही लहानपणी कामं केलीच’ याबद्दल थोडं, कारण त्यात निम्मं खरं आहे. एप्रिल-मेमध्ये आम्हीही काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, बोंडू गोळा करायचो, बिया सोडवायचो, हातांना चीक लागून कातडी जायची. चवथीला गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला रानात जायचो. ती बालमजुरी नव्हती. जूनमध्ये शाळा सुरू झाली की भाट सुटायचा, संध्याकाळी आई हाक मारायची, आणि कंटाळा आला तर पळून जाता यायचं. छोटी पळून कुठे जाणार? तिला फोंड्याच्या तिस्क नाक्यावरून बागलकोटची बस कुठे मिळते तेही माहीत नसेल. कायद्यानंही हा फरक केला आहे. २०१६च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठलंच काम देता येत नाही. फक्त शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत स्वतःच्या कुटुंबाला बिनधोक्याच्या कामात मदत करता येते. (बालकलाकारांची सवलत वेगळी.) मला ही कुटुंबाची सवलत आवडत नाही, स्पष्ट सांगते. कुटुंब म्हणताना त्यात काका-मामा, आत्या-मावशी सगळे येतात, आणि कुठल्याही खानावळीत राबणारं पोर ‘माझा भाचा आहे’ म्हणून सांगता येतं. ती ठेकेदाराची बायकोही उद्या हेच म्हणेल, की पोरगी माझ्या नात्यातली. तिचं नातं असलं, तरी तुमच्या घराला ती सवलत नाही.

आता करायचं काय.

मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. तो फोन तुम्ही स्वतः करा. सांगा की माझ्या घरी एक मुलगी कामाला आहे, वय लहान आहे, मध्यस्थानं आणली आहे, आणि मला तिला सुरक्षितपणे सोपवायचं आहे. पुढे तिला तुमच्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे नेलं जाईल. समिती तिचं ऐकेल, वय ठरवेल (शाळेचा किंवा जन्माचा दाखला असेल तर त्यावरून, नसेल तर वैद्यकीय तपासणीनं), बागलकोटच्या समितीमार्फत तिचं घर शोधेल, आणि घर सुरक्षित आहे याची खात्री करूनच तिला पाठवेल. तोवर ती बालगृहात राहील.

तुम्ही विचाराल, मग आमचं काय? लपवून उपयोग नाही. घरकामाला चौदाखालचं मूल ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. आजच्या कायद्यात त्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. गोव्यानं मुलांसाठी २००३ मध्ये स्वतःचा कायदा केला, पणजीत मुलांचं न्यायालय आहे. वय चौदा पूर्ण निघालं तरी सुटलो असं समजू नका. उचल देऊन अडकवून ठेवलेलं आणि कमाई हातात न दिलेलं अठराखालचं मूल, हा बाल न्याय कायद्यात गुन्हा आहे, आणि उचलीपोटी राबवणं ही १९७६च्या कायद्यानं वेठबिगारी. म्हणून फोन करण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन वकिलाला भेटा. बायकांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. तुम्ही स्वतः पुढे आलात तर काहीच होणार नाही, असं वचन मी देऊ शकत नाही. पण वकिलाच्या भेटीला दोन दिवसांपेक्षा जास्त लावू नका, आणि त्या दोन दिवसांत यजमानांचा विचार बदलला म्हणून फोन राहू देऊ नका.

गुपचूप बसमध्ये का नाही, ते आता लक्षात आलं असेल. तुम्ही तिला परत पाठवलं की ती सगळ्यात आधी त्या ठेकेदारणीच्या हाती लागेल. १५ हजारांची उचल फिटली नाही म्हणून चार दिवसांत ती मडगावला किंवा वास्कोला दुसऱ्या घरात असेल, आणि तिथे खोबरेल लावणारंही कुणी नसेल. त्या बाईला आधी कळवू नका. तिला एक रुपयाही पुढे देऊ नका, दिलेली उचल परत मागू नका. ती बुडाली समजा. कधी, किती, कशानं पैसे दिले, याची यादी करा, मोबाइलवरचे व्यवहार असतील तर ते जपून ठेवा, आणि सगळं समितीच्या हाती द्या. एकीला आणणारी बाई आणखी किती जणींना आणते आहे, हे त्या कागदांवरूनच कळेल.

तिची मजुरी तुमच्याकडे बाकी आहे, हेही विसरू नका. ती मोठ्या बाईच्या दरानं द्या, मुलीच्या नावावर, समितीमार्फत. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं धोक्याच्या कामांतल्या मुलांसाठी मालकानं मुलामागे २० हजार भरावेत असा आदेश दिला होता. आजच्या कायद्यात दंडाची रक्कम त्या मुलाच्या खात्यात जाते आणि सरकार तिच्यात १५ हजारांची भर घालतं. पण तुम्ही कायद्यानं वसूल करायची वाट पाहू नका.

लग्नाची भीती खोटी नाही. ती समितीला शब्दांत सांगा, आणि ती लिहून घेतली आहे ना ते पाहा. तशी नोंद झाली, तर घरची चौकशी करणारा माणूस तोच प्रश्न घेऊन जाईल. मागास तालुक्यांत मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं आहेत, सहावीपासून राहून शिकायची. तिच्या वयाला ती नेमकी बसतात. आधी शाळा सुटली असली तरी वयाप्रमाणे वर्गात घेऊन मागचं भरून द्यायचं, दाखला नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून निकषात बसणाऱ्या मुलांना घरी राहून शिकायला महिना ४ हजार रुपये मिळतात, तुम्ही देत होता त्यापेक्षा हजारानं जास्त. तिच्या आईला हे कुणी सांगितलेलं असण्याची शक्यता कमी आहे.

घरी ठेवून अक्षरं शिकवण्याचा बेत मात्र सोडा. दिवसभर लादी पुसून रात्री नऊला डोळे मिटत असलेल्या मुलीला बाराखडी गिरवायला लावणं, हे तुमच्या मनाच्या समाधानासाठी होईल.

सासूबाईंची गरज खरी आहे. त्यांच्यासाठी मोठी बाई ठेवा, १२ हजारांत मिळाली तर स्वस्त समजा. जमत नसेल तर अर्ध्या दिवसाची ठेवा आणि उरलेला अर्धा दिवस यजमानांनी, दिरांनी, नणंदांनी वाटून घ्या. पत्रात यजमानांचं मत आहे, त्यांचा हात कुठे दिसला नाही. फिजिओथेरपी सुरू आहे का? खुब्याच्या ऑपरेशननंतर इतके महिने उठता येत नसेल, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा. सगळा दिवस पडून राहून माणसाची उठायची सवयच जाते, आणि हाताशी पोर असलं की ती लवकर जाते.

सगळ्यात अवघड काम मी शेवटी ठेवलं आहे. छोटीला यातलं काहीच माहीत नाही. अनोळखी माणसं दारात उभी राहिली तर तिला वाटेल, आपल्या हातून काही फुटलं, काही चोरीला गेलं, म्हणून आपल्याला पोलिसात देताहेत. फोन करण्याआधी तिच्याशी बोला. तिची भाषा कानडी असेल किंवा लमाणी. ओळखीत तशी बोलणारी एखादी बाई शोधा, पण ठेकेदाराच्या माणसांतली नको. तिला मोरीपाशी उभी ठेवून नको, तुमच्या शेजारी सोफ्यावर बसवा. सांगा की तिचं काही चुकलेलं नाही, चूक आमची झाली. येणारी माणसं तिला घेऊन जातील, विचारपूस करतील, आणि तिला जे वाटतं ते तिनं बिनधास्त सांगावं, आमच्याविरुद्ध असलं तरी. तिला आईशी फोनवर बोलायचं आहे का, विचारा. तुमच्या मुलालाही त्या वेळी तिथे बसू द्या.

आणि तिचं नाव विचारा. गाव, आईचं नाव, शाळेत कधी गेली होती का, कितवीपर्यंत. समितीपुढे पहिला कागद होईल तेव्हा त्यावर ‘छोटी, वय १४’ असं उतरू देऊ नका. पुढचे सगळे कागद त्या पहिल्या कागदावरून होतात. ती सांगेल ते नाव, ती उच्चारेल तसं, तुमच्यासमोर लिहून घ्या. मला ते कळवू नका. अशा मुलांची नावं छापायला कायद्यानं बंदी आहे, आणि ते नाव तिचं आहे.